तळमजला नावाची होडी

भुताखेतांच्या गोष्टी मीही वाचतो आणि हसून सोडून देतो. ही मात्र सोडता येत नाही.

कारण ही माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडली. आणि तिने ज्यांच्यावर आळ घेतला, ते माझे वडील आहेत. दोघंही हयात आहेत. दोघांना वेगवेगळं बसवून मी विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. शेवटचं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं.

सुरुवात झाली एका शनिवारी, दिवेलागणीला, आत्याच्या लॅबमध्ये.

आत्या कवळ्या बनवते. जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर तिची एक खोली आहे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले. टेबलावर एक थरथरणारं यंत्र, साच्यातले बुडबुडे काढायला. ते दिवसभर घरघरत असतं. नवीन माणूस आला की आधी जबड्यांकडे बघतो आणि मग दाराकडे. आत्याला त्याची गंमत वाटते.

आजी-आजोबा गेल्यापासून आत्या आणि बाबा एकमेकांना धरून आहेत. बाबांचं किल्ल्यांचं दुकान आहे. तिसरा त्यांचा दोस्त, कप्तान. नाव कप्तान, पण त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. तो लिफ्टचा मिस्त्री. आत्याच्या इमारतीतली लिफ्टही तोच बघायचा.

या तिघांना एका ऑनलाइन खेळाने झपाटलं होतं. शिडाच्या होड्यांची शर्यत. होडी खोटी, पण नकाशा खऱ्या समुद्राचा आणि वाराही खरा. एक शर्यत कित्येक दिवस चालते. तुम्ही झोपा, जेवा, कामाला जा, होडी चालतच राहते. सकाळ-संध्याकाळ नवा वारा येतो. तो बघून आपण पडद्यावरची चकती अंगठ्याने फिरवायची आणि होडीला दिशा द्यायची. नाही दिली, तर होडी नाकासमोर चालत राहते आणि कुठल्यातरी किनाऱ्याला जाऊन अडकते.

आत्याच्या होडीचं नाव दाढ. बाबांची किल्ली. कप्तानची तळमजला.

"बुडाली तर नाव तरी बरोबर ठरेल," असं तो म्हणायचा.

नवा वारा यायच्या आधी तिघांचा फोन ठरलेला. सुरुवात नेहमी कप्तान करायचा. "काय रे किल्लीवाल्या, आज वरून की खालून?" म्हणजे बेटाच्या वरच्या अंगाने जाणार की खालच्या. त्यावर प्रत्येकाने खोटं बोलायचं, हा नियम. एकमेकांना शेंडी लावण्यातच निम्मी मजा होती.

अजून एक गोष्ट सांगायला हवी.

कप्तानचा उजवा अंगठा एकदा लिफ्टच्या दारात सापडला होता. तेव्हापासून तो वळायचा नाही. चकती फिरवताना अंगठा पुढे घसरायचा आणि मग तो तेवढंच मागे आणायचा. त्यामुळे त्याच्या होडीमागच्या रेषेत प्रत्येक वळणावर गळासारखा एक छोटा आकडा उमटायचा. हजारो होड्या असल्या तरी त्याची रेषा लगेच ओळखू यायची. आत्या त्याला चिडवायची, "कप्तान, पुन्हा आकडा टाकलात का?"

शर्यत ऐन रंगात असताना कप्तान गेला.

भर दुपारी, खुर्चीत बसल्या-बसल्या. ध्यानीमनी काही नसताना.

त्याच्या मागे कुणी नव्हतं. सगळं बाबांनी केलं. परत आल्यावर दोघांनी फोन उघडले, तर तळमजला आपली चालतच होती. समोर एक खडकाळ बेट होतं.

"जाऊ दे तिला," बाबा म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी आपोआप खडकाला लागेल. आपण बघू. तोच त्याचा निरोप."

म्हणून त्या शनिवारी आत्या लॅबमध्येच थांबली.

तिने टेबलावरचा टॅब उघडला. दातांचे रंग जुळवायला तो लागायचा. नकाशावर बेट दिसत होतं आणि तळमजला त्याच्या अगदी नाकाशी होती. आत्याला भरून आलं. तिने ते घरघरतं यंत्र बंद केलं.

खोली एकदम गप्प झाली.

आता लागेल... आता लागेल...

होडी वळली.

आत्याला वाटलं, नजर चुकली. तिने चष्मा पुसला. होडी बेटाला वळसा घालून मोकळ्या समुद्राला लागली होती. आणि मागच्या रेषेत, वळणावर...

आकडा होता.

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. पण भुताची नव्हे, भावाची.

कारण तिघांची खाती बाबांनीच उघडून दिली होती. कप्तानचा पासवर्ड जगात दोघांनाच माहीत होता. त्यातला एक गेला होता.

तिने फोन लावला.

"दादा, ही कसली थट्टा?"

"कसली?"

"तळमजला वळली. तीही आकडा टाकून. मेलेल्या माणसाची नक्कल करताना लाज नाही वाटत?"

बाबांनी आधी दुकानातलं किल्ली घासायचं यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "मला वाटलं तू वळवलीस."

"माझ्याकडे पासवर्ड तरी आहे का?"

"अगं, मग मी तरी कशाला वळवू?"

आत्याला हे चोराच्या उलट्या बोंबा वाटल्या. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा स्वतः लॅबवर गेले. दोघांचे फोन त्यांनी प्लॅस्टर कालवायच्या रबरी वाडग्यात टाकले आणि वर एक जबडा ठेवला. "आता बघ," म्हणाले. टॅबवर आत्याचंच खातं उघडं होतं. दोघांनी हाताची घडी घातली आणि नव्या वाऱ्याची वाट बघत बसले.

वारा आला.

तळमजला वळली...

आधी जास्त. मग थोडी मागे.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत्याने तो पाहिला. पण संशय एकदा शिरला की माणूस डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही.

"आधीच लावून ठेवलं असशील," ती म्हणाली. खेळात पुढची वळणं आधी लावून ठेवता येतात, हे खरं आहे.

"कशासाठी, छोटे?"

"मला वेड्यात काढायला."

बाबांनी वाडग्यातून आपला फोन काढला. तिच्यासमोर खेळ पुसून टाकला. "झालं समाधान?" एवढंच म्हणाले आणि जिन्याने उतरून गेले. लिफ्ट वापरली नाही.

त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं. मी मध्ये पडायला गेलो, तर दोघांनीही ऐकून घेतलं नाही.

बाबांची किल्ली मात्र नकाशावर अजून होती. चालवणारा नाही, तर ती नाकासमोर चालत राहिली आणि एका किनाऱ्याला जाऊन निमूट अडकली. वळण नाही, आकडा नाही. कुणी नसलं की होडीचं असंच होतं. ते बघून आत्याला रडू आलं. पण फोन तिने केला नाही. आमच्या घरात मान सगळ्यांची ताठ आहे.

आता समुद्रात दोघीच उरल्या. दाढ आणि तळमजला.

आत्या वरून गेली, तर ती वरून. आत्या खालून गेली, तर ती खालून. कधी पुढे नाही, कधी फार मागे नाही. जणू सोबत.

आणि इमारतीतली लिफ्ट...

ती वर यायची. आत्याच्या मजल्यावर थांबायची. दार सरकल्याचा आवाज यायचा. मग काहीच नाही. पाऊल नाही, खाकरणं नाही. आत्या दारात जाऊन बघायची, तर लिफ्ट रिकामी, आतला दिवा तेवढा चालू. तिला वाटायचं, बाबा कुणाकरवी हे करवतात. लिफ्टच्या यंत्राची कुलूपबंद पेटी उघडणं त्यांना काय अवघड?

एका दुपारी ती हात धुऊन टेबलाशी आली आणि थबकली.

टॅब चालू होता. तिने तो उघडला नव्हता.

पडद्यावर समुद्र होता. पण खातं तिचं नव्हतं.

वर कोपऱ्यात नाव होतं... तळमजला.

आणि काचेवर पांढरे डाग होते. ओल्या प्लॅस्टरचे, बोटांचे.

तिने मागे वळून पाहिलं. खोलीत फक्त जबडे होते. दाराला आतून कडी होती.

कुणालाही वाटेल, आता तरी ती घाबरली असेल. ती संतापली. कडी काय, कुलूप काय, दादाला काय अडतं? तो टॅब काखेत मारून ती तडक दुकानावर आली. मी तिथेच होतो. पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

तिने टॅब काउंटरवर आपटला. "आता काय सांगशील?"

बाबांनी चष्मा लावला. टॅब उजेडात तिरका धरला. डाग बघितले. मग स्वतःचे हात उलटे करून तिच्यासमोर धरले. किल्ल्या घासून काळे पडलेले हात.

"प्लॅस्टर कुणाच्या हाताला असतं, छोटे?"

आत्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

डाग चार बोटांचे होते. पाचवा अंगठ्याचा. तो उमटलेला नव्हता, ओढलेला होता. चकतीवरून पुढे घसरलेला... आणि थोडा मागे आलेला.

बाबा हळूच म्हणाले, "तुझ्या फोनवर तुझी होडी उघड. जरा वळवून दाखव."

"मी कशाला..."

"दाखव ना. माझ्यासाठी."

तिने फोन काढला. दाढ उघडली. चकतीवर उजवा अंगठा ठेवला आणि फिरवला.

अंगठा ताठच राहिला. पुढे घसरला. तिने तो मागे आणला.

आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. दाढ वळली. मागे रेषा उमटली.

रेषेत आकडा होता.

दुकानात किल्ली घासायचं यंत्र चालूच राहिलं होतं. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"दादा," आत्या म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "माझा अंगठा वळत नाहीये."

बाबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मी सांगत होतो, असं ते म्हणाले नाहीत. तिनेही माफी मागितली नाही. ती नुसती रडली आणि बाबा तिचा अंगठा चोळत बसले. इतक्या दिवसांनी दोघं शेजारी बसलेली बघून, खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

डॉक्टरांना दाखवलं. फोटो काढला. हाडात काही नाही, शिरेत काही नाही. ताण असेल, म्हणाले. आत्या आता डाव्या हाताने साचे भरते.

तळमजलाचं कोडं सुटलं, असं वाटेल. आत्याच नकळत वळवत असेल, दुःखाने माणसाचं असं होतं, असं आम्हीही एकमेकांना समजावलं. पण पासवर्ड? तो तिला माहीत नव्हता. आजही नाही. बाबांनी चार वेळा आडून-आडून विचारून बघितलं.

आणि ती संध्याकाळ.

समेट झाल्याच्या दुसऱ्याच दिवसाची. दुकान आवरायची वेळ होती. नवा वारा यायचीही तीच. आत्याचा फोन आला. बाबांचे हात तेलकट होते, म्हणून मी फोन उचलून स्पीकर लावला.

तिने बाबांना जन्मात दादाशिवाय दुसरी हाक मारलेली नाही.

आधी फोनमधून काहीच आलं नाही. लांब कुठेतरी लिफ्टचं दार सरकल्यासारखं झालं.

मग ती हसली. आवाज तिचाच होता...

"काय रे किल्लीवाल्या, आज वरून की खालून?"

बाबांच्या हातातली किल्ली खाली पडली. त्यांच्या फोनवर तो खेळ आता नाही, आणि हे आत्याला चांगलं ठाऊक आहे.

मी फोन बंद करायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. पलीकडे कुणीतरी थांबलं होतं.

"खालून," बाबा म्हणाले.

तेव्हापासून तो फोन रोज येतो. बाबा रोज उत्तर देतात. आणि फोन ठेवल्यावर, थोड्या वेळाने, स्वतः आत्याला फोन लावतात. ती "हं, दादा" म्हणेपर्यंत ते श्वास रोखून उभे असतात.