सोळा ठोके

आत्याबाई आल्या त्या थेट मुद्द्यावर. "माझा भाऊ खाणीत पडून मेला. पोलीस म्हणतात, आंधळा होता, पाय चुकला. वीस वर्षं त्याच माळावर वावरलेल्या माणसाचा पाय असा चुकत नाही."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळेच वहिनी म्हणत, कारण टिपणं काढणारे त्यांचे दीर तशी हाक मारत. भाऊजी मनाने चांगले, डोकं जरा सावकाश चालायचं.

गेलेले सर पक्ष्यांचे अभ्यासक. दृष्टी गेल्यावरही रोज तिन्हीसांजेला घरामागच्या बाकावर बसून आवाज टिपत. त्यांच्या खिशातलं आवाज टिपायचं यंत्र शाबूत होतं. वहिनींनी ते लावलं.

लाकडी ठोके, सात. मग 'डराव'. मग नऊ ठोके. पुन्हा सगळं तसंच. मग सर हसले. ठोके थांबले.

"कुठे आहेस रे? बोल की, आवाजावर येतो."

काठीची टकटक. दगड घरंगळल्याचा आवाज.

"बिचारे पक्ष्याशी बोलत होते," भाऊजी म्हणाले. "आणि मध्येच बेडूक कडमडला."

सरांची मुलगी कोरड्या डोळ्यांनी बोलली. "आंघोळ, औषधं, वाचून दाखवणं, सगळं माझ्यावर. खरं सांगू? बातमी कळली तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?" वहिनींनी विचारलं.

"टँकरच्या रांगेत, शेजारणींबरोबर. पाऊस होऊन सात महिने झाले. विहिरी आटल्या, खाणीतही थेंब नाही."

सरांचा शिष्य महाविद्यालयात शिकवायचा. त्याने समजावून सांगितलं, "रातवा पक्ष्याच्या इथे दोन जाती. दोघेही वाळक्या पानांच्या रंगाचे, अंधारात उडते किडे खाणारे. शेजारी ठेवले तरी भले भले फसतात. ओळखायचे आवाजावरून. माळावरच्याचा आवाज फरशीवर टाकलेल्या चेंडूसारखा, उड्या जवळजवळ येत जातात. जंगलातला फळीवर हातोडी मारल्यासारखा ठोकतो. तो मला या माळावर सापडला."

त्याने गेल्या वर्षी पक्षी-अभ्यासकांच्या सभेत ऐकवलेला आवाज लावला. भाऊजींनी बोटांवर मोजलं. सात ठोके, क्षणभर शांतता, नऊ ठोके.

"सर म्हणायचे, हा आवाज तू जंगलातून टिपून आणलास. पुढच्या महिन्यात तसं छापणार होते. पण पोलिसांनी त्यांचं यंत्र मलाच ऐकवलं, त्यात हाच पक्षी आहे. दुर्दैव बघा, माझं खरं ठरायला सरांना जावं लागलं."

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत सगळे जमले.

"भाऊजी, सात महिन्यांच्या कोरड्या माळावर बेडूक कुठून आला?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. "आला खरा. आणि दर वेळी सातव्या ठोक्यानंतरच."

"जिवंत प्राणी असा शिस्तीत ओरडत नाही. सरांनी ऐकला तो साठवलेला आवाज होता, पाणथळ जंगलातला. सभेतल्या आवाजातही सात आणि नऊच ठोके, फक्त मधला बेडूक कापलेला. न कापलेला मूळ आवाज एकाच माणसाकडे असणार."

शिष्य म्हणाला, "सरांच्याच यंत्रात तो आवाज यावा, एवढंच हवं होतं मला."

"म्हणून खाणीपलीकडून कर्ण्यावर तो वाजवलात? सर हसले ते बेडूक ऐकून. त्यांनी लबाडी ओळखली, तुम्हाला ओळखलं. ठोके चालू असताना ते काही बोलले नाहीत. थांबल्यावर 'बोल' म्हणाले. ते पक्ष्याला नव्हतं. ते तुमच्याकडे यायला निघाले होते, मध्ये खाण आहे हे विसरून. तुम्ही 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं."

"मी ढकललं नाही."

"नाही. तुम्ही बघत राहिलात."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. आत्याबाई मात्र त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या रात्री आम्ही त्याची वाट बघत होतो. तू आलास. म्हणालास, येतील सर, काळजी करू नका. मी तुला पान वाढलं. दुसऱ्यांदा भात मागून घेतलास तू."



"भूक लागली होती," तो म्हणाला.