हिरव्या लुगड्यातली लक्ष्मी

परभणीच्या मदरशातले, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या सरकारी शाळेतले, ड्रॉइंग मास्तर माधवराव घरी आले की आधी टोपी काढत, मग भिंग हातात घेत. चहा त्यानंतर. बैठकीच्या भिंतीवर त्यांची लक्ष्मी होती, जर्मनीत दगडी छापाने कागदावर छापलेली तसबीर. अशी लक्ष्मी घरोघरी असते, पण ती लाल लुगड्यात. हिरव्या लुगड्यातली मोजकीच छापली गेली होती आणि अख्ख्या जिल्ह्यात ती एकट्या माधवरावांकडे होती. निदान ते तसं सांगत, कुणी न विचारताही सांगत.

तिच्यात एकच उणं होतं. चौकटीत बसेना म्हणून सुताराने खालचा पांढरा काठ कात्रीने उडवला होता आणि त्याबरोबर छापखान्याचं नाव नि क्रमांकही गेला होता. ते आठवलं की मास्तरांना अजून जेवण गोड लागत नसे.

हैदराबादेच्या एका अमिराच्या संग्रहासाठी जुनी चित्रं पारखणारे गोविंदराव महिनाभरात ही तसबीर पाहायला येणार होते. पसंत पडली तर ती संग्रहात लागणार आणि खाली पितळेच्या पट्टीवर मास्तरांचं नाव. ही बातमी मास्तरांनीच मदरसाभर केली होती.

अशात राणीसावरगावचे मुंजाजी, एका विद्यार्थ्याचे वडील, सहज बोलून गेले, "मास्तर, आमच्या धुरपतामावशीकडं बी हिरवीच लक्ष्मी हाय की."

मास्तरांनी लगेच गावाचा रस्ता विचारून घेतला. शुक्रवारच्या सुट्टीला ते रेल्वेने गंगाखेडला उतरले आणि बैलगाडी करून राणीसावरगावला गेले.

धुरपताबाई साठी ओलांडलेल्या, घरात एकट्याच. त्यांनी देवघरातली तसबीर उतरवून मास्तरांच्या मांडीवर ठेवली. हिरवा रंग कालच लावल्यासारखा होता. आणि खाली काठ होता, अख्खा, छापखान्याच्या नावासकट, क्रमांकासकट. जिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही तिच्या घरी हा काठ, आणि आपल्या घरी सुताराची कात्री. मास्तरांना अक्षरशः रडू येईल असं वाटलं.

"खरी हाय का, मास्तर?"

मास्तरांनी भिंग लावलं. जुन्या तसबिरीवरचं वार्निश सुकून त्याला केसासारखे तडे जातात. त्यावरूनच तिचं वय ओळखतात. इथेही होते. एक देवीच्या डाव्या मनगटावरून गेला होता. मास्तरांच्या तसबिरीतही तो अगदी तिथेच होता.

"खंडित आहे," मास्तर म्हणाले. "मनगटाला तडा आहे. बघा."

धुरपताबाईंनी जन्मात पहिल्यांदा भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चाळीस वर्सं झाले पूजा करायले मी. मला कसं दिसलं न्हाई?"

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

"खंडित देव घरात ठेवू न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "गंगेत सोडावं लागतं."

मास्तरांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. गप्प बसण्यानेच काम होत होतं.

दुसऱ्या दिवशी गंगाखेडच्या घाटावर धुरपताबाईंनी चौकट आणि काच काढून चित्र मास्तरांपुढे धरलं. "तुमीच सोडा. तडा तुमाला दिसला."

मास्तरांनी मनगटापर्यंत हात गोदावरीत घातले आणि कागद सोडला. तो थोडा वेळ उताणा तरंगला, मग बुडाला.

"तुमची तरी जपा," धुरपताबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मास्तरांनी आपल्या लक्ष्मीला भिंग लावलं. तिचे अकरा तडे त्यांना पाठ होते. आज दहा भरले. नजरचूक असेल, ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नऊ होते. रंग खुलला होता. मास्तर खूश झाले. आपल्याच तसबिरीला आता तोड नाही, देवीलाही ते कळलंय.

"ऐन उन्हाळ्यात ही भिंत ओली कशानं?" त्यांची बायको सुनेत्रा म्हणाली. "आणि नदीचा वास येतोय."

सहा राहिले तेव्हा मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. तडे नाहीत तर वय कसं सिद्ध होणार? त्या दिवसापासून ते चहा विसरले. डावा हात मात्र सारखा खाजवत. कातडी कोरडी पडली म्हणून त्यांनी खोबरेल तेल चोळलं.

गोविंदराव आले त्या सकाळी एकच तडा उरला होता, मनगटावरचा. एक पुरे होता.

गोविंदरावांनी तसबीर उजेडात नेऊन स्वतःचं भिंग फिरवलं.

"वार्निश कोरं करकरीत आहे."

"डावं मनगट बघा."

"बघितलं. काही नाही." त्यांनी तसबीर परत दिली. "नवी छाप आहे, मास्तर. कुणीतरी फसवलंय तुम्हाला. इकडे कुणाकडे काठासकट जुनी प्रत असली तर कळवा. नाव त्यांचं लावू."

ते गेले.

मास्तरांनी डाव्या हाताने तसबीर धरली, उजव्या हाताने भिंग. देवीचं मनगट नितळ होतं.

भिंग काचेवरून घसरलं आणि त्यांच्या स्वतःच्या हातावर आलं.

अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या हाडापर्यंत केसासारखा बारीक तडा होता. रक्त नव्हतं. दुखतही नव्हतं.

त्यांनी भिंग बाजूला केलं. तडा दिसेना. पुन्हा लावलं.

आतून सुनेत्राची चाहूल आली तशी मास्तरांनी घाईने सदऱ्याची बाही मनगटावर ओढली.

बाही ओली होती.