सोनूबाईचा वार

"मेला तांदूळ… मोजून घेते, तरी रोज मूठभर उरतोच."

पत्र्याच्या पलीकडून रुक्मिणी पुटपुटत होती. स्वतःशीच. पण त्या खोल्यांमध्ये स्वतःशी बोललेलं दोन घरं ऐकायची.

मी म्हटलं, "ताई, तुझी शेजारीण तांदळावर चिडलीय."

ताई हसली नाही.

हे खरं घडलंय. माझ्यासमोर. साल १९८६, वैशाखातला रविवार, जागा साकीनाक्याच्या मागच्या पत्र्याच्या खोल्या. वेळ जेवणाची. भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. आम्हाला दुपारही पुरली.

मी द्रौपदी. घाटकोपरला शिलाई करते. वनमाला माझी थोरली बहीण. तिचं घर आधी जोगेश्वरीकडच्या एका टेकाडावर होतं. टेकाडाच्या पोटात एक लहानसं लेणं. झिजलेल्या मूर्ती, दगडी ओटे, वटवाघळं. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'थंडावा' म्हणायचे. उन्हाळ्यात बायका तिथे भाज्या निवडायच्या, पोरं अभ्यासाच्या नावाखाली झोपायची.

मग सरकारला तो थंडावा सापडला. जुनं आहे, जपायला हवं. लोक बघायला येतील, वस्तीतल्यांना कामं मिळतील. ते काही खोटं नव्हतं. चार पोरं सरबत विकायला लागली. आमचे अंबादास दाजी तर लेण्याचे राखणदार झाले. खाकी शर्ट, कमरेला किल्ली, महिन्याचा पगार. गिरणी बंद पडल्यापासून पहिल्यांदा.

फक्त दगड जपायचे म्हणून वरची माणसं हलवावी लागली.

थंडीत ट्रक आले. चिठ्ठ्या टाकून इथे खोल्या वाटल्या. शेजारी होते ते लांब गेले, लांबचे शेजारी आले.

आणि सोनूबाई…

सोनूबाईला कुणी नव्हतं. म्हणजे सगळेच होते. सात घरांनी तिचे वार लावून घेतले होते. शनिवारी काशीरामकडे, रविवारी ताईकडे, सोमवारी रुक्मिणीकडे. जेवणाच्या वेळी दारात उभी राहायची आणि हातातल्या बांगडीने जर्मनची थाळी वाजवायची. टण… टण… तोंडाने कधी मागितलं नाही. जेवली की थाळी घासायची आणि लेण्यात जाऊन झोपायची. लेणं झाडायचीही तीच. सरकारच्या कितीतरी आधीपासून.

त्या रविवारी ताईने पानं घेतली. चार.

आम्ही तिघं.

"अजून कोण यायचंय गं?"

"कुणी नाही."

चौथी थाळी मी ओळखली. काठाला पोचा आलेली, जर्मनची.

"ही सोनूबाईची ना? आहे कुठे ती?"

"गावाला गेली," ताई म्हणाली.

"पुतण्याने नेली गो," पत्र्यामागून रुक्मिणी.

"डोंबिवलीला असते, ओळखीच्यांकडे," दाजी. भाकरीवरून नजर न उचलता.

तिघांची तीन उत्तरं. मी शिवणारी बाई. तीन तुकडे जुळत नाहीत हे मला लगेच कळतं.

"आणि थाळी ठेवून गेली?"

मग ताई हळूच म्हणाली, "होळीला लेण्याच्या फाटकाचं कुलूप पहिल्यांदा उघडलं तेव्हा यांना आत सापडली. ओट्यावर पालथी घातलेली. घासून."

"आणि?"

"आणि काही नाही. बाकी लेणं रिकामं."

तेवढ्यात बाहेर खेळणारी पोरं गप्प झाली.

मग नळावरची भांडणं थांबली.

मग एकेका दाराच्या कड्या लागल्या. सावकाश. भीतीने नाही… कंटाळून लावाव्यात तशा. रोजचंच असल्यासारख्या.

आणि लांब, अगदी पहिल्या खोलीपाशी…

टण… टण…

"काल मागच्या रांगेत होतं," पत्र्यामागून रुक्मिणीचा आवाज आला. "काशीरामाकडे. आज तुमच्याकडे गो, वनमाला. उद्या माझ्याकडे."

चिठ्ठ्यांनी खोल्या उलटसुलट झाल्या होत्या. वार मात्र तेच होते.

टण… टण…

आवाज जवळ आला. एकेक दार ओलांडत.

आमच्या दारापाशी थांबला.

मी खाली पाहिलं. दाराखालच्या फटीतून ऊन आत येत होतं. सलग. मध्ये पावलांची सावली नव्हती.

त्या फटीतून गार वारा आला. वैशाखात, तापलेल्या पत्र्याखाली. त्याला वटवाघळांचा वास होता.

टण… टण…

थाळी तर माझ्यासमोर होती. मी हात लावून पाहिला. ती गार पडली होती… आणि थरथरत होती.

ताईने त्यात भात वाढला. वरण घातलं. थाळी उचलून दारापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली. तिचे खांदे केवढेसे झाले होते. चार महिन्यांत ती अर्धी झाली होती, आणि मी मघाशी तिला 'बारीक झालीस, छान दिसतेस' म्हटलं होतं.

"दर रविवारी हे असंच," ती म्हणाली. "दार उघडलं की कुणी नसतं. भात तसाच राहतो. मग आम्हाला घास जात नाही. थकले मी, द्रौपदे."

"मग इथून जा ना दुसरीकडे."

"कुठे जाऊ? यांचं काम आहे ना आता."

आजही मला एकटीला दार लावून जेवता येत नाही. वाऱ्याने कुठे भांडं वाजलं तरी हातातला घास तसाच राहतो.

टण…

ताई दाराकडेच तोंड करून म्हणाली, "तुम्ही हाक मारली होती ना आत? कुलूप लावायच्या आधी?"

दाजींनी कमरेची किल्ली सोडली. ताटाशेजारी ठेवली.

"गावाला नाही गेली ती," ते म्हणाले. "तिला कुणी आणलंच नाही, वनमाला. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याच्या ट्रकमध्ये असेल."

"हाक मारली होती ना?"

"साहेब उभे होते. ट्रक निघाला होता. कुलूप लावलं आणि आतून थाळी वाजली."

बाहेरचा आवाज थांबला होता. कुणीतरी कान देऊन ऐकावं तसा.

"मी ऐकली," दाजी म्हणाले. "पण तो शनिवार होता. म्हटलं, आज वार काशीरामचा आहे."