गुलछडीचं अत्तर

अर्जुना, लग्न ठरल्यापासून तू भूपालच्या दुकानासमोर नुसता घुटमळतोयस. होणाऱ्या बायकोसाठी अत्तर घ्यायचंय ना? मग जा की, लाजतोस काय. पण 'चांगलं अत्तर द्या' असं त्याला म्हणू नकोस. तो आधी विचारणार, बाई कशी आहे? रूप नाही विचारत, स्वभाव विचारतो. चारचौघींत मिसळणारी, हसरी असली तर मोगरा. हळवीला जाई. मानी असेल तर पांढरा चाफा. फुलं सगळी पांढरीच, पण एकीचं दुसरीला शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि गुलछडी, म्हणजे तुमचा निशिगंध, तो आता कुणालाच देत नाही. बाटलीच ठेवत नाही दुकानात. का, ते ऐकायचं असेल तर बसा. बिराप्पा, ती फळी ओढून घे, वारा येतोय.

गोष्ट भूपालची आहे. माझं बांगड्यांचं दुकान आणि त्याचं अत्तराचं, मधे एक भिंत. त्यानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं घालत नाही.

तीन वर्षांमागची, सेहेचाळीस सालची रथसप्तमी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. आष्ट्याच्या लालासाहेबांकडून भूपालला निरोप आला की नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू आहे, उत्तम अत्तर घेऊन स्वतः या. लालासाहेब म्हणजे ऊसवाला माणूस, घरात कशाला कमी नाही. भूपालनं निरोप्याला विचारलं, सून कशी आहे? तो म्हणाला, शिरवळकडची आहे, बना नाव, सारखी हसते. भूपालनं मोगऱ्याची बाटली पिशवीत टाकली आणि सर्व्हिस मोटार धरली. आष्ट्यात पाहुण्यांकडं दिवस मावळायच्या आत जेवला, जैनाचा नेम तो, आणि दिवेलागणीला लालासाहेबांच्या दारात गेला.

पाय जड होते त्याचे. कारण त्या घरच्या पहिल्या सुनेचं अत्तरही त्यानंच निवडलं होतं.

तिचं नाव अंजना. लालासाहेबांचा मुलगा मानसिंग लढाईवर निघाला तेव्हा तिला घेऊन दुकानात आला होता. पोरगी एक शब्द बोलली नाही. पायरी उतरताना मात्र नवऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि तो गडी खो खो हसला. भूपालनं दोघांना परत बोलावलं आणि गुलछडीची बाटली पुढं केली. म्हणाला, "हे दिवसा गप्प असतंय. रात्री घर भरून टाकतंय. ह्या ताईंचं हेच." मानसिंगनं तिथंच, चार माणसांदेखत, तिच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं.

चव्वेचाळीस साली तार आली. इटलीच्या लढाईत मानसिंग बेपत्ता. आता बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सासू रंगूबाई म्हणाली, रणात हरवलेला कवा परत येतोय व्हय? दर्भाचा पुतळा केला, कृष्णेकाठी जाळला आणि त्याच दिवशी अंजनाच्या बांगड्या फोडल्या. कपाळ पुसलं. पोरगी म्हणत राहिली, ते आहेत. ऐकतो कोण.

ती रोज रात्री ती बाटली उघडायची. एक थेंब, हाताच्या पाठीवर. सासूच्या नाकाला वास गेला. रांडमुंड बाईला रात्रीचं अत्तर कशाला? कुणासाठी? भांडी घासणाऱ्या भामाबाईनं पुढचं माझ्या दुकानात बसून सांगितलंय. अंजना म्हणाली, "मेल्याल्या माणसासाठी कुनी अत्तर लावतं का, आत्याबाई? मी लावती म्हंजे त्ये हायती."

रंगूबाईनं चुलीत उलथनं तापवलं, आणि जिथं अत्तर लावायची तिथंच टेकवलं.

हात चिघळला. तिला कडब्याच्या खोलीत टाकलं. डॉक्टर नाही, वैद्य नाही, वरून कडी. भामाबाई म्हणते, हात सडला तरी खोलीत वास गुलछडीचाच. मेली तशीच. भुंड्या हातांनी आणि कोऱ्या कपाळानं जाळली तिला. ना ओटी भरली, ना हळदकुंकू.

आणि वर्षभरात मानसिंग परत आला. कैदेत होता, धडधाकट होता.

म्हणजे बघा. अंजना मेली तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. सवाशीण मेली ती. आणि सवाशिणीचं जे देणं असतं, ते तिला कुणी दिलंच नाही. मानसिंगला सांगितलं, तापानं गेली. चार महिन्यांत दुसरी आणली.

तर ती रथसप्तमी. सोप्यावर लालासाहेब, मानसिंग आणि भूपाल. आत माजघरात बायकांची ओळ, दार सताड उघडं. रंगूबाई एकेकीला हळदकुंकू लावत होती, हाताच्या पाठीवर अत्तर लावत होती. मागून करंडा धरून नवी सून बना, हसत. भूपालनं मोगरा स्वतःच्या हातानं अत्तरदाणीत ओतला होता. वासाची खात्रीही केली होती.

पहिल्या दोघी-तिघींपर्यंत मोगराच होता.

मग बदलला.

भूपाल म्हणतो, मला वाटलं मागल्या दारानं वारा आला. पण वारा नव्हता. वास गोड होता, जड होता. सोप्यावर आला... मानसिंगपाशी थांबला. मानसिंगच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यानं विचारलं, हे अत्तर कुणी आणलं? भूपाल म्हणाला, मी मोगरा आणला होता. मानसिंग उठून माजघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. त्याच्या खांद्याआडून भूपालला आतलं दिसत होतं.

ओळ संपत आली होती.

शेवटी एक बाई बसली होती. पदर पुढं ओढलेला. ती कधी येऊन बसली, ते कुणी पाहिलं नव्हतं. रंगूबाई तिच्यापुढं आली, करंड्यात बोट घातलं... आणि थांबली.

बाईनं हात पुढं केला. उपडा.

हाताच्या पाठीवर उलथन्याचा डाग होता. ओला.

समईची वातसुद्धा हलत नव्हती. बनाला बिचारीला काय माहीत. तीच म्हणाली, "आत्याबाई, हात केलाय त्यांनी पुढं. लावा की."

आता ध्यानात घ्या. हळदीकुंकवाला दारी आलेल्या सवाशिणीला रिकामं धाडत नाहीत, वैरीण असली तरी. एक बोट कुंकू. एक थेंब अत्तर. इतकंच मागायला आली होती ती. दिलं असतं तर सुटली असती, असं भूपाल म्हणतो. मलाही तसंच वाटतं.

रंगूबाईनं बोट मागं घेतलं. पदराला पुसलं.

म्हणाली, "हिला न्हाई."

हात तसाच राहिला... किती वेळ.

मग बाई उठली. सावकाश. तोच हात वर नेला. अंगठा रंगूबाईच्या कपाळावर ठेवला. मायेनं ठेवावा तसा. एकदा फिरवला.

आणि मागल्या दारानं गेली. गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली, पण एकही हंबरलं नाही.

मानसिंगनं आईकडं पाहिलं. "तो डाग कशाचा?" एवढंच विचारलं. भामाबाई कोपऱ्यात रडायला लागली, त्यातच त्याला उत्तर मिळालं. त्याच रात्री तो बनाला घेऊन निघाला, पलटणीत परत गेला. पुन्हा त्या घरचं पाणी प्याला नाही. रंगूबाईनं मात्र लेकाच्या वाटेकडं डोळे लावून दिवस काढले. चांगलं झालं म्हणावं, तर तेही तोंडातून निघत नाही.

व्हय अर्जुना, रंगूबाई मेली की. आत्ताच, गेल्या कार्तिकात. नवऱ्याआधी गेली. गाव म्हणालं, भाग्याची बाई, अहेव गेली. सवाशिणीच्या प्रेताला हिरवा चुडा घालतात, त्यासाठी मला बोलावणं आलं. तेव्हा हे पुढचं भूपालचं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चुडा मी भरला. नीट बसला. मग भामाबाई कुंकू लावायला वाकली. लावलं. बोट उचललं, तर कपाळ कोरं. पुन्हा लावलं. कोरं. कुणीतरी म्हणालं, आधी मेण लावा. मेण लावलं, वर कुंकू दाबलं. मेण राहिलं. कुंकू नाही. खाली सांडलेलं नाही, उशीवर नाही, भामाबाईच्या बोटालाही नाही... बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. एक म्हातारी मग हळूच म्हणाली, रथसप्तमीपासून असंच होतं. नवरा शेजारी बसलेला असायचा, आणि ही दिवसभर पदर कपाळावर ओढून हिंडायची.

शेवटी तसंच उचललं. लालासाहेब मडकं धरून पुढं चालले होते. मागं तिरडीवर रंगूबाई, हातात हिरव्या बांगड्या, आणि कपाळ पांढरं.