वाचलं की पुसा

येर्नेयाला मेतोदचे आधी फक्त पाय दिसले. डोंगरावरच्या सेंट अनाच्या चर्चमध्ये ती गाण्याच्या तालमीला जरा लवकरच पोचली होती. गंमत म्हणून घंटेच्या दोराला हात घातला, तोच वरून ओरडा आला.

“अहो बाई, ओढू नका! माझं डोकं घंटेत आहे!”

“देवाच्या घंटेत डोकं घालून काय करताय?”

“टपाल बसवतोय… म्हणजे, रेडिओचं…”

तो खाली उतरला. केसांत कोळिष्टकं, हातात तारांचं भेंडोळं. वाक्य अर्ध्यावरच सोडून तो तिच्याकडे बघत राहिला. आणि ते उरलेलं वाक्य ऐकायचं म्हणून की काय, येर्नेया पुढे वर्षभर तो डोंगर चढत राहिली!

टपाल म्हणजे घंटाघरातला एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला रेडिओ. खोऱ्यातले हौशी रेडिओवाले आपापल्या घरून कळा दाबून त्याला आज्ञा द्यायचे. एका माणसाला निरोप धाडायची आज्ञा वेगळी, सगळ्यांसाठी फलकावर लावायची वेगळी. फरक एका अक्षराचा. ही कॉम्प्युटरची पेटी सगळं सांभाळून ठेवी आणि संध्याकाळच्या घंटेला पलीकडच्या डोंगराला देई. तो डोंगर पुढच्याला, असं करत निरोप ल्युब्लियाना, त्रिएस्त, थेट ग्राझपर्यंत जात. मेतोद त्या पेटीचा राखणदार; घंटेआधी फलक फक्त त्यालाच दिसे. पेटीत जागा इवलीशी, म्हणून त्याचं एकच पालुपद, “वाचलं की पुसा. दुसऱ्याची जागा अडवू नका.” दुसऱ्याच्या खाजगी पत्राला मात्र तो कधी बोट लावायचा नाही. खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

येर्नेया हिमाची नोंद ठेवायची. किती पडलं, कुठली वाट बंद, कुठे कडा कोसळायची भीती. हे सारं ती रोज सगळ्यांसाठी फलकावर लावायची. त्या मार्चमधल्या दुपारीही तिनं इशारा लावला: उत्तर उतारावरची वाट उद्या कुणी धरू नये. मग हात मोकळा झाला तसं मारिबोरच्या मैत्रिणीला, नेझाला, मनातलं लिहायला बसली.

‘नेझा, मेतोदनं मला पुरतं वेडं केलंय. तो बोलताना मधेच थांबतो ना, तिथंच माझा जीव अडकतो. पण सांगू कशी? त्याच्या ठरलेल्या नवरीनं लग्नाच्या आदल्या दिवशी नकार दिला, तेव्हा अख्खं खोरं त्याला हसलं. माझ्यामुळे पुन्हा तसं झालं तर…’

विषयाच्या जागी तिनं लिहिलं, ‘मेतोद’. कळ दाबली. पडद्यावर उत्तर उमटलं: ‘सर्वांसाठी फलकावर लावले.’

रोजच्या सवयीनं बोटांनी रोजचीच आज्ञा दिली होती!

एकदा फलकावर गेलेलं लिहिणाऱ्याला काढता येत नसे. ते फक्त राखणदारानं काढायचं. आवाजी रेडिओवरून त्याला हाक मारावी, तर सगळं खोरं कान लावून बसलेलं. घंटाघरात फोन नाही. आणि तो काय म्हणाला होता? परवाच, चर्चच्या पायरीवर बसून तिच्या डब्यातले चीज भरलेले श्त्रुक्ली खाताना — “लोकांच्या तोंडी पुन्हा माझं नाव गेलं ना, येर्नेया, तर मी ग्राझची नोकरी धरीन. या डोंगराकडे वळूनही बघणार नाही.” हसत म्हणाला होता, पण डोळे हसत नव्हते.

तिनं कोट ओढला आणि धावत सुटली.

चिखल, वितळतं बर्फ, वरून बारीक गारांचा मारा. उजेड भराभर ओसरत होता. सेंट अने, तेवढी आजची घंटा थांबव गं माये… ती स्वतःशीच म्हणत होती. एका वळणावर पाय सरकला, गुडघा सोलवटला. ती उठली. आता शेवटचं वळण. चर्चचा कळस दिसला, आणि तेवढ्यात…

घंटा वाजली.

ठण्ण… ठण्ण… एकेक ठोका तिच्या छातीवर पडत होता. गेलं. पलीकडच्या डोंगरावर गेलं. तिथून पुढे, तिथूनही पुढे. त्रिएस्तमध्ये कुणीतरी बायकोला हाक मारून दाखवत असेल, हे बघ गं, मजा! येर्नेया भिंतीला टेकली. डोळे पुसले. आणि तरीही जिना चढली. निदान तिच्या तोंडून तरी त्याला कळावं.

मेतोद दाराकडे पाठ करून पडद्यासमोर बसला होता. शेजारच्या आवाजी रेडिओवर पलीकडच्या खोऱ्यातले लोव्रेन्त्सकाका तापले होते.

“मेतोद! अरे झोपलास काय? घंटा झाली, टपाल कुठाय? हिमाचा इशारा हवाय मला. माझी पोरं पहाटेच निघणारेत!”

येर्नेया उंबऱ्यातच थबकली. “टपाल… गेलं नाही?”

तो वळला. हातात अँटेनाची केबल होती, टपालाच्या रेडिओपासून सोडवलेली. वीज कडाडत असतानासुद्धा ज्यानं कधी ही केबल काढली नव्हती, तोच तो मेतोद!

“फलकावर माझं नाव दिसलं,” तो म्हणाला. “फलकावरचं वाचायला मनाई नसते.”

“वाचलंस?”

“हं.”

“सगळं?”

“दोनदा.” त्याचे कान लाल झाले. “तिसऱ्यांदा वाचत होतो, तर हे काका…”

“मेतोद, माझ्या मनात तुझी फजिती करायचं नव्हतं रे. बोटं चुकली. तू पूस ते. आणि ग्राझला जाऊ नकोस.”

“बोटं चुकली,” तो सावकाश म्हणाला. “आणि लिहिलंय ते? तेही चुकून?”

ती गुडघ्यावरचा चिखल झाडू लागली.

“मेतोद!” काका गरजले. “का मी येऊ गाढवावर बसून?”

मेतोद खुर्चीवरून उठला. “येर्नेया, काकांचा इशारा अडवून मला बसता येणार नाही. केबल जोडली की फलकावर असेल ते सगळं निघणार. दोनच वाटा आहेत. पुसून टाकतो — मग मीही काही वाचलं नाही. पुन्हा कधी विचारणार नाही, शपथ. नाहीतर…”

तो नेहमीसारखा मधेच थांबला.

“नाहीतर काय? आज तरी पुरं कर की रे वाक्य!”

“नाहीतर राखणदाराला पत्राचा पत्ता बदलता येतो. सगळ्यांसाठीचं एकाच माणसासाठी करता येतं.” त्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली. “पण तो पत्ता मी नाही लिहिणार. पत्र तुझं आहे.”

येर्नेया बसली. बोटं गारठलेली. तिनं बदलाची आज्ञा दिली. पेटीनं विचारलं, कुणासाठी? सगळ्यांसाठी का एकासाठी? तिनं एकासाठीची कळ दाबली. या वेळी आधी नीट बघून, मग दाबली. पेटीनं पुढचं विचारलं, नाव?

तिथं नेझाचं नाव यायला हवं होतं. येर्नेयानं मागे वळून पाहिलं नाही. मागे श्वास अडकलेला तिला ऐकू येत होता. एकेक अक्षर करत तिनं लिहिलं… मेतोद.

मागून केबल फिरवून बसवल्याची करकर तेवढी झाली. दिवे लुकलुकले, आणि इशारा डोंगरावरून डोंगरावर निघाला.

“मिळाला!” काका म्हणाले. “पोरांना थांबवतो. येर्नेयाला सांग, देव तिचं भलं करो. आणि तुझं काय बिघडलं होतं रे?”

“काही नाही, काका. टपाल जरा… जपून पाठवत होतो.”

मग मेतोद तिच्या शेजारी टेकला आणि आपलं नाव घालून पेटीत शिरला. पडद्यावर ओळ आली: ‘तुमच्यासाठी एक नवे पत्र आहे.’ त्यानं वाचायची आज्ञा दिली. पहिल्यांदाच वाचतोय अशा थाटात, एकेका ओळीवर रेंगाळत, त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं.

खाली पेटीनं नेहमीसारखं विचारलं: ‘वाचले. पुसायचे?’

“वाचलं की पुसा,” येर्नेया हळूच म्हणाली. “नियम कुणाचा?”

“माझाच.”

“मग? दुसऱ्याची जागा अडते म्हणे.”

“अडू दे,” तो म्हणाला. एका हातानं त्यानं तिची गार बोटं धरली, दुसऱ्यानं कळ दाबली.

नाही.