ग्वेनची पहिली पलटण

हेस्टर पॉलिटच्या भाचीला जुळी झाली, ते साल १९८७. बाप्तिस्म्याचा केक अजून डब्यात शिल्लक होता, तेव्हा रेमंड सग्डन तिच्या दारात येऊन उभा राहिला.

हेस्टर पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढायची. आता घरबसल्या लोकांची खासगी तपासाची कामं करी. तिचा दीर नॉर्मन, बस चालवून निवृत्त झालेला, रोज तिच्याकडे चहाला यायचा आणि तिच्या कामात लुडबुड करायचा.

"मी जळतो तिच्यावर," रेमंड बसण्याआधीच म्हणाला. "सगळं हॅलोबी गाव तेच सांगेल आणि ते खरं आहे. पण हे मी केलेलं नाही."

"काय केलेलं नाही?" हेस्टरने विचारलं.

गावात लढायांच्या खेळाचा एक क्लब होता. दर मंगळवारी चॅपलच्या हॉलमध्ये मोठ्या टेबलावर टेकड्या, नद्या, गावं मांडायची आणि बोटभर उंचीचे धातूचे शिपाई फासे टाकून लढवायचे. शिपाई ज्याने त्याने रंगवायचे. रेमंडइतका चांगला रंगवणारा आसपास नव्हता. गेल्या हिवाळ्यात ग्वेन हॅडो नावाची विधवा क्लबात आली. काही महिन्यांतच लोक रेमंडच्या टेबलावरून उठून तिच्या टेबलाशी गर्दी करू लागले.

"तिने पहिली फ्रेंच पलटण पुरी केली. हॉलच्या कपाटात ठेवली. आज सकाळी पाहतात तर रंग गेलेला, आणि शिपाई डांबरात बुडवल्यासारखे. तिथेच हॉलमध्ये असलेल्या माझ्या खोक्यातली जंतुनाशकाची बाटली रिकामी. जुना रंग उतरवायला आम्ही तेच वापरतो. शनिवारी समिती मला काढणार."

"काढू दे की," नॉर्मन म्हणाला. "घरी बसून खेळा."

"बायको लीड्सला निघून गेली, दादा. मंगळवार सोडला तर माझ्याशी कुणी बोलत नाही."

नॉर्मनने केकचा डबा पुढे सरकवला.

हॉलला कुलूप कधीच नसे. रेमंड हेस्टर आणि नॉर्मनला तिथे घेऊन गेला, तेव्हा चिटणीस बेसिल टर्नर याने कपाट उघडून दाखवलं. तबकातले शिपाई काळपट चिकट्याने एकमेकांना धरून बसले होते. भांडी घासायच्या मोरीतही तोच चिकटा होता. वरच्या फळीवर मात्र घडी घातलेल्या रुमालावर एक शिपाई कोरडा, स्वच्छ, रंगासकट उभा होता. तो पलटणीचा झेंडेवाला.

"हा वर कुणी ठेवला?" हेस्टरने विचारलं.

"सापडला तेव्हा तिथेच होता. घाईत राहिला असेल."

"घाईत माणूस रुमालाची घडी घालत नाही. आणि हा चिकटा कशाने होतो?"

"पाण्याने," बेसिल म्हणाला. "जंतुनाशकातून काढलेल्या शिपायाला पाणी लागलं की असा डिंक होतो. आधी ब्रशने कोरडा घासून घ्यायचा. ही चूक आमच्यात प्रत्येकाने एकदा केलेली असते. एकदाच. ग्वेनने आल्या आल्या केली. नंतर कप खाली ठेवला तरी तो तिच्या हाताला चिकटलेलाच. सायरल तर हसून हसून खोकायला लागला."

"सायरल कोण?"

"सायरल ओल्डरॉइड. क्लब त्यानेच काढला. हल्ली फुप्फुसांच्या दुखण्याने अंथरूण धरलंय. ग्वेन त्याच्याच घरी बसून शिकते. शनिवारच्या लढाईत तिची पलटण उतरलेली बघायला तो चाकाच्या खुर्चीतून येणार होता." बेसिलने रेमंडकडे पाहायचं टाळलं. "आणि काहींना ते बघवलं नाही."

"झेंडेवाला मात्र बाईंनी उत्तम रंगवलाय," रेमंड पुटपुटला. "तेवढं मी कबूल करतो. चेहरा बघा. त्याला पाहून मला झोप लागली नव्हती."

"बाईंचा हात बसलाय खरा," बेसिलनेही मान डोलावली.

ग्वेनच्या घरी हेस्टर आणि नॉर्मन दोघंच गेले. तिने त्यांना मागच्या अंगणात बसवलं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"झेंडेवाला तुम्हीच रंगवलात?" हेस्टरने सरळच विचारलं.

ग्वेनने डोळे पुसले. "बाई, तुम्ही क्लबात सांगणार नसाल तर सांगते. पहिली पलटण स्वतःच्या हाताने रंगवायची, दुसऱ्याचा ब्रश लागला की ती बाद. असा नेम आहे. पण सायरल म्हणाला, एक मला दे, शेवटचा. हात थरथरायचा त्याचा. मनगट दुसऱ्या हाताने धरून रंगवला. त्यांच्याच स्वयंपाकघरात."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. त्याची बायको, एडनाबाई, तिथे विणत बसल्या होत्या, तेवढंच."

बाहेर पडल्यावर नॉर्मनने टोपी मागे सारली. "वहिनी, हिनेच केलं. लबाडी उघडी पडेल म्हणून आपलीच पलटण बुडवली."

"मग लबाडीचा पुरावा तेवढा रुमालावर जपून कशाला ठेवेल, रे? चल, एडनाबाईंचा चहा पिऊ."

एडना ओल्डरॉइडने चहा दिला, पण स्वतः बसली नाही. वरून सायरलचा खोकला ऐकू येत होता.

"फार वाईट झालं," ती म्हणाली. "ग्वेन बिचारी. रोज यायची. दोघं तासन्‌तास खिदळत बसायची. मी आत गेले की गप्प."

"तुम्ही कधी रंगवलंत का हो?" नॉर्मनने विचारलं.

"मला कोण ब्रश देतंय? मी आपली चहावाली. इथे मोरीत त्याच्या बरण्या भिजत पडायच्या, त्या ओलांडून मी भांडी घासली. पुढचं सगळं तो मागच्या शेडमध्ये करायचा. वासाने माझं डोकं उठायचं."

हेस्टरने कप खाली ठेवला.

शुक्रवारी दुपारी तिने चौघांना हॉलमध्ये बोलावलं. रेमंड, बेसिल, ग्वेन आणि एडना.

"ज्याने हे केलं त्याला जंतुनाशकाने रंग सुटतो हे ठाऊक होतं," हेस्टर म्हणाली. "पण नंतर पाणी लावायचं नाही, हे ठाऊक नव्हतं. त्याने अर्धी विद्या पाहिलेली. रेमंड आणि बेसिल ही चूक करणार नाहीत."

"चिकटा मुद्दाम केला असेल," बेसिल म्हणाला.

"मुद्दाम करणारा मोरीत घासत बसत नाही. मोरी बघा तुमची. तिथे कुणीतरी घाबरून ते धुवायचा प्रयत्न केलाय. आता ग्वेन. तिची बोटं एकदा चिकटली, ते तुम्हीच सांगितलंत. ती पुन्हा पाणी लावणार नाही."

"मग राहिलं कोण?" नॉर्मन म्हणाला.

"झेंडेवाल्याकडे बघ. तो वेगळा काढला, कारण तो वेगळ्या हाताचा होता. ग्वेन, मला सांगावं लागतंय, माफ कर. तो सायरलने रंगवलाय. रेमंड आणि बेसिल दोघांनाही तो ग्वेनचाच वाटत होता. सायरलचा हात त्यात आहे हे जाणणारं आणखी एकच माणूस त्या खोलीत विणत बसलं होतं. बरण्या भिजताना त्याने जन्मभर पाहिल्या, पण शेडमध्ये पाऊल टाकलं नाही."

कुणी एडनाकडे पाहिलं नाही. तीच बोलली.

"त्याचं मला मोडवेना," ती म्हणाली. "बाकीचे सगळे तिचे होते."

"एडनाबाई, आमच्यात तसलं काही नव्हतं हो," ग्वेन म्हणाली.

"तसलं असतं तर बरं झालं असतं, बये. तुला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्याच्याकडे थोडाच श्वास उरलाय. तो तुला रंग कसा घोटायचा ते सांगण्यात घालवत होता. मला म्हणायचा, एडना, दार लाव. नंतर वाटलं, धुऊन ठेवावेत. कुणाला कळायच्या आत. तर ते आणखीच बिघडले."

बेसिलने घसा खाकरला. "समितीला काय सांगू? सांगितलं तर सायरलच्या कानावर जाणार."

"माझं नाव साफ व्हायला हवं," रेमंड म्हणाला. आवाज कोरडा होता. "मी काही संत नाही. मला याच गावात राहायचंय."

"समितीआधी मी सांगते त्याला," एडना म्हणाली आणि कोट घालून निघून गेली.

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. सायरल काय म्हणाला ते कुणाला कळलं नाही. शनिवारी तो हॉलमध्ये आला नाही. रेमंडचं नाव क्लबात राहिलं. समितीने त्याची माफी मागितली आणि त्याने ती दोनदा मागायला लावली. ग्वेनची पलटण नेमाप्रमाणे बाद ठरली. तिने नव्याने सुरुवात केली, पण रेमंडच्या टेबलाशी बसून. तो तिला शिकवायचा आणि शिकवताना अजून जळायचा.

ओल्डरॉइडांच्या घरी ती पुन्हा गेली नाही. उरलेले दिवस सायरल एकट्या एडनाचा होता. दार लावायला आता कुणी सांगत नव्हतं.

सायरल ओल्डरॉइड त्याच साली, एकोणतीस ऑक्टोबरला, गुरुवारी दुपारी वारला. दफनाच्या वेळी ग्वेन मागच्या रांगेत उभी होती. एडनाने तिला पुढे बोलावलं नाही.