गिरणीतल्या पोरीचा पासवर्ड

“चार... पाच... तीन... आणि परत तीन...”

मी अण्णांच्या कार्डावरचा एकेक आकडा वाचत कीबोर्ड बडवत होते. नंबर निम्म्यावर आला असेल नसेल, तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं.

“ओ पावणं, जरा दमानं. समोरच्या चहावाल्यानं पण नंबर टिपला असंल.”

राजारामपुरीतला तो सगळा नेट कॅफे हसला. मी रागानं वळून बघितलं, तर काउंटरवरचा तो तरुण माझ्याकडं बघतच नव्हता. खुर्ची फिरवून, आमच्याकडं पाठ करून तो खिडकीबाहेरचा श्रावणातला पाऊस बघत बसला होता.

“बोलताय माझ्याशी आणि बघताय भलतीकडंच?”

“तुम्ही कार्ड काढलंय न्हवं? कुणी कार्ड काढलं, पासवर्ड घालायला लागलं, की मी खिडकीकडं तोंड करतो. आपला नियम हाय.”

“मग मी नंबर म्हणतोय हे कसं कळलं?”

“तोंड फिरवता येतंय,” तो पाठमोराच म्हणाला, “कान कुठं फिरवू?”

कोल्हापुरात आम्ही पोरीही ‘मी म्हणतो’, ‘मी जातो’च म्हणतो, आणि तेही खणखणीत. त्यातून आमची मंगळवार पेठेत पिठाची गिरणी. जन्मल्यापासून त्या घरघरीवर आवाज चढवून बोलायचं. मीठ मागायचं असलं तरी गल्लीला कळावं इतक्या मोठ्यानं मागायचं. हळू बोलणं आमच्या घरात कुणाला आलंच नाही, आणि आलं असतं तरी ऐकू कुणाला जाणार होतं?

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत असले की त्यांना फोनची रिंग ऐकू यायची नाही. म्हणून जोरात थरथरणारा एक मोबाईल मी नेटवरून मागवणार होते. बँकेचं कार्ड अण्णांनी पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं होतं. देताना ते एवढंच म्हणाले, “वर्षाराणी, ह्यात तुजं पुणं हाय. जपून.”

माझं पुणं म्हणजे बेकरीचा कोर्स. वर्षभर हट्ट करून मी अण्णांना तयार केलं होतं, आणि त्याची फी त्याच खात्यात ठेवलेली होती. इकडं चंदगडहून एक स्थळ आलेलं. काजूची बाग, तालेवार माणसं. “ह्यावर्षी पुणं झालं तर झालं,” अण्णांनी सांगून टाकलं होतं, “न्हायतर चंदगड.” त्यात दुसरी संधी नव्हती, आणि मला त्या बागेतला एकही काजू नको होता.

त्या दिवशी त्या पाठमोऱ्या माणसानं मला सगळं नीट करून घ्यायला लावलं. वर साइटच्या पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतंय का बघा. नाव नीट वाचा, एखादं अक्षर इकडं-तिकडं असलं तर दुकान खोटं. ‘लक्षात ठेवू का’ असं मशीन विचारील, तर नाही म्हणा. झालं की लॉगआउट करून बाहेर पडा, नुसतं बंद करू नका. एवढं सगळं बोलला, पण एकदाही वळला नाही. त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याची पाठच ओळखीची झाली.

मोबाईल आठवड्यानं आला. पहिला फोन आला तेव्हा खिशात उंदीर शिरल्यासारखे अण्णा गिरणीत नाचले. माझं काम खरं तर तिथंच संपलं होतं... पण मला रोज काहीतरी नवीन बघायचं असायचं. ओव्हनच्या किमती. पुण्याचं हवामान. काहीच सुचलं नाही, की मेल.

“पापणीवर पीठ हाय,” एकदा तो म्हणाला.

“अन् तुमचा नियम? बघायचं न्हाय म्हणत हुता की.”

“नियम कार्डाचा हाय,” तो कीबोर्ड पुसत म्हणाला. “पापणीचा न्हाय.”

मी पापणी पुसली नाही. दोन मिनिटं तशीच बसले, वेड्यासारखी.

सगळे त्याला पीआर म्हणायचे. खरं नाव विचारलं तर लाजला. बरेच आढेवेढे घेऊन म्हणाला, “पिराजी. आज्ज्याचं नाव हाय. हसू नका.” मी हसले नाही. घरी जाऊन मात्र गिरणीच्या आवाजात ते नाव दहा-वीस वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. कुणाला कळणार होतं?

मग तो दिवस उजाडला. फी भरायची मुदत जवळ आलेली, आणि मेल उघडला तर बँकेचं पत्र. वर बँकेचं चिन्ह, खाली लाल अक्षरांत: तुमचं कार्ड आज बंद होणार आहे, चालू ठेवायचं असेल तर लगेच माहिती भरा. कार्ड बंद म्हणजे फी बंद, आणि फी बंद म्हणजे चंदगड. मी दिलेल्या जागी क्लिक केलं आणि भरायला लागले. पत्र वाचताना आणि भरताना तोंड नेहमीसारखंच चालू होतं. कार्डाचा नंबर. मुदतीची तारीख. मागचे तीन आकडे. “आता पासवर्ड... व्ही... ए... आर...”

आणि अंधार झाला.

स्क्रीन गेले, पंखे थांबले, सगळा कॅफे ओरडायला लागला. कुणाचा परीक्षेचा फॉर्म निम्मा राहिला, कुणाची अमेरिकेतल्या भावाशी चॅट तुटली. “लोडशेडिंग, लोडशेडिंग,” म्हणत माणसं उठली. पण समोर चहावाल्याचा दिवा तर चालू होता. मी काउंटरकडं बघितलं. पिराजीचा हात मेन स्विचवर होता. इन्व्हर्टरसुद्धा त्यानंच बंद केला होता. आणि पहिल्यांदाच, माझ्या हातात कार्ड असताना, तो सरळ माझ्याकडं बघत होता.

“काय केलंसा हे?” मी ओरडले. “माजं कार्ड बंद पडंल आता.”

“बँक मेलमधनं कवा पासवर्ड इचारत न्हाय. इचारती ती बँकच न्हवं.” त्याला धाप लागली होती. “दोनदा हाक मारली. गिरणीवाल्यास्नी ऐकू कुठं येतंय? मग काय करू... तुमचं पुणं चाललं हुतं की.”

पुण्याचं मी त्याला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. त्यानं ते जपून ठेवलं होतं.

लाईट लावून त्यानं पहिल्यांदा बँकेला फोन लावला. बँकेनं सांगितलं, खात्याला धक्का लागलेला नाही, हे कार्ड बंद करतो, नवीन पाठवतो. तेवढा वेळ माणसं त्याला वाट्टेल ते बोलत होती. त्यानं ऐकून घेतलं, सगळ्यांना तासभर फुकट बसवलं, पण कुणामुळं लाईट घालवली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला तेव्हाच कळलं, की हा माणूस मला आवडतो. नुसता आवडत नाही. फार आवडतो.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी कॅफेत गेले. फी भरून झाली होती, बॅग बांधून झाली होती. बाहेर पाऊस उघडून कोवळं ऊन पडलं होतं.

“मेलचा पासवर्ड बदलायचाय,” मी म्हणाले. “तुम्हीच म्हणला हुता, बदलत ऱ्हावा म्हणून.”

“बदला की.” त्यानं नेहमीप्रमाणं खुर्ची फिरवली. आज ती जरा सावकाश फिरली, असं मला वाटलं.

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. एक मोठा श्वास घेतला आणि गिरणी चालू असल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, “पी... आय... आर... ए... जे... आय.”

कॅफेतली सगळी टकटक थांबली. खिडकीकडं तोंड केलेल्या त्या पाठमोऱ्या माणसाचे कान लालबुंद झाले.

“मोठ्यानं म्हणला तुम्ही,” तो म्हणाला.

“मुद्दामच म्हणलो.”

“आता तो चालायचा न्हाय. सगळ्यांनी ऐकला.”

“बाकीच्यांचं सोडा. ज्यानं ऐकायचा हुता त्यानं ऐकला का?”

तो खिडकीशीच बोलल्यासारखा म्हणाला, “तसाबी कच्चाच पासवर्ड हाय. नुस्तं नाव ठेवत न्हाईत. पुढं आकडे लागतात.”

“कंचे लावू?”

“माजा... मोबाईल नंबर...” आणि पुढं तो काहीतरी पुटपुटला.

“ऐकू आलं न्हाय,” मी म्हणाले. “गिरणीवाली पोरगी मी. मोठ्यानं सांगा की.”

तेव्हा पिराजीनं खुर्ची फिरवली. माझ्याकडं तोंड करून, भरल्या कॅफेत, आख्ख्या राजारामपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं आपला नंबर सांगितला. आयुष्यभर लोकांना ‘दमानं बोला’ म्हणणारा माणूस. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी तो उगीचच टिपून घेतला.

पासवर्ड मी अर्थातच तो ठेवला नाही. वेगळाच ठेवला. पुणं झालं, बेकरी झाली, चंदगडचे काजू आता आमच्या बिस्किटांत येतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पासवर्ड मी पिराजीला अजून सांगितलेला नाही, आणि त्यानंही कधी विचारलेला नाही. मी टाइप करायला बसले, की तो अजून खिडकीकडं तोंड करतो. मीही आता अक्षरं मनातल्या मनातच म्हणते. तेवढी एकच गोष्ट मी हळू बोलायला शिकले.